४.८८ की ५.२९? जुन्या टोयोटा पिकअपचा क्राऊन-पिनियन निवडताना

३३ इंची टायर चढवले की डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचा मूळचा ४.१० रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे फेरे) बदलायला हवा, हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. हायवेवर पाचवा गिअर नावापुरता उरतो, चढावर इंजिन दमतं, आणि दगडांत लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्येही गाडी हवी त्यापेक्षा जोरात पुढे जाते, म्हणून पाय सारखा क्लचवर. खरी अडचण त्यानंतरची: ४.८८ घ्यायचा की ५.२९?

मी बोलतोय ते १९८५च्या टोयोटा पिकअपबद्दल. अमेरिकेत २२आरई हे फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आणि पुढचा सलग ॲक्सल या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या त्या याच एका वर्षी, म्हणून इथे कॅलिफोर्नियात ट्रेलसाठी जुनी गाडी शोधणारे तिच्यावर नजर ठेवून असतात. पुढे आणि मागे दोन्हीकडे तोच आठ इंची डिफरन्शियल. माझ्या गाडीत ४.८८ आहे. आमच्याबरोबर येणाऱ्या एका मित्राची गाडी त्याच वर्षाची, टायर त्याच मापाचे, पण त्याने ५.२९ बसवलाय. ट्रेलवर आम्ही गाड्यांची अदलाबदल करतो, त्यामुळे दोन्ही मी बऱ्यापैकी चालवल्यात.

आधी साधा हिशेब. मूळचे २२५/७५आर१५ टायर साधारण २८.३ इंची. ३३ वर गेल्यावर गाडी पूर्वीसारखी वागावी असं वाटत असेल तर सुमारे ४.७८ चा रेशो लागतो. म्हणजे ४.८८ घातला की मूळपेक्षा दोनेक टक्के जास्त ओढ, आणि ५.२९ घातला की दहा टक्क्यांच्या वर. स्पीडोमीटरची तार ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी आणि लो रेंज देणारी गिअरपेटी) निघते, त्यामुळे तोही याच हिशेबाने चुकतो. ४.८८ वर काटा जवळपास खरं बोलतो, ५.२९ वर तो दहा टक्के वाढवून सांगतो. त्या तारेचा ड्रिव्हन गिअर बदलून हे सुधारता येतं, त्यामुळे निवडीसाठी मी याला फार वजन देणार नाही.

टिकाऊपणाचं गणित मात्र वरवर दिसतं तितकं सरळ नाही. ५.२९ च्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे आणि तो मला पटतो. दगडावर चढायला चाकाला जेवढा जोर लागतो तेवढा लागणारच. रेशो मोठा असला की तोच जोर काढताना प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस (सांधे), ट्रान्सफर केस आणि क्लच यांच्यावरचा ताण कमी होतो. दोन रेशोंमधला फरक साधारण आठ टक्के आहे, तेवढाच हा ताणही कमी. पुढच्या ॲक्सलच्या बर्फील्ड जॉइंटला (वळणाऱ्या चाकाला ताकद देणारा सांधा) मात्र याचा काही उपयोग नाही. तो डिफरन्शियलच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला आहे. रेशो कुठलाही घाला, स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की तुटायचा तो तुटतोच.

या आठ टक्क्यांची किंमत पिनियन मोजतो. क्राऊन आठ इंचांचाच राहणार, हौसिंग तेच, म्हणजे रेशो वाढवायचा तर पिनियनच लहान करावा लागतो. आपल्याकडचे मेकॅनिक करतात तसे दात मोजा: ४.१० म्हणजे ४१ ला १०, ४.८८ म्हणजे ३९ ला ८, ५.२९ म्हणजे ३७ ला ७. सात दातांचा पिनियन हातात घेतला की तो किती बारका आहे ते कळतं. शिवाय पुढच्या ॲक्सलमध्ये हा सेट उलट्या बाजूने काम करतो. गाडी पुढे चढत असताना भार दातांच्या कोस्ट बाजूवर (एरवी ॲक्सिलरेटर सोडल्यावर भार घेणारी बाजू) येतो, आणि ती बाजू भार झेलायला तितकी चांगली नाही. म्हणून बारका पिनियन मागे मला चालेल, पुढे मी जरा विचार करीन. मित्राचा पिनियन अजून शाबूत आहे हेही सांगायला हवं. तो सांभाळून चालवतो.

माझी निवड पक्की झाली ती मात्र तुटण्याच्या भीतीने नाही, गळतीमुळे.

आम्ही राहतो सॅक्रामेंटोकडे. रुबिकॉन ट्रेलला जायचं म्हणजे हायवे ५० धरायचा, मग आइस हाऊस रोडने लून लेक गाठायचं. ट्रेल स्वतः बावीसेक मैलांची, पण तिथे पोचायला आणि परतायला डांबरच तुडवावं लागतं. ताशी ६५ मैलांवर ३३ च्या टायरने ४.८८ चा प्रॉपेलर शाफ्ट मिनिटाला साधारण ३,२३० फेरे घेतो, ५.२९ चा ३,५०० च्या आसपास. कागदावर फरक किरकोळ वाटेल. पण सस्पेन्शन वाढवून गाडी उचललेली, क्रॉसचे कोन वाढलेले, आणि नेमक्या त्याच वेगाला मित्राच्या गाडीत सीटखालून एक बारीक थरथर सुरू होते. आरसा धूसर होतो. वेग कमी केला की थांबते, वाढवला की पुन्हा येते. शाफ्ट बॅलन्स करून घेतला, क्रॉस बदलले, तरी थोडी राहिलीच. आणि दर मोसमात त्याच्या मागच्या पिनियन सीलमधून तेल झिरपू लागतं. ट्रेलच्या आदल्या रात्री ड्राइव्हवेवर गाडीखाली काळा डाग दिसला की पुढचा सगळा दिवस मनात एकच विचार असतो: डिफरन्शियलमध्ये तेल पुरेसं आहे ना? थरथरीनेच सील जातं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारणं आणखीही असतील. पण त्याच रस्त्यांवर, त्याच वेगाने धावणारी माझी गाडी मागून कोरडी आहे. तेल कमी झालेला पिनियन दगडावर तुटत नाही, तो घरी येताना हायवेवर जळतो. माझ्या लेखी भरवशाची गाडी म्हणजे आधी ती गळणारी नसावी.

सील बदलणं हेही वाटतं तेवढं छोटं काम नाही. पिनियनची नट सोडली की क्रश स्लीव्हचा (नट आवळताना एकदाच चेपली जाणारी नळी) प्रश्न येतो. नवीन स्लीव्ह न घालता अंदाजाने नट आवळली तर बेअरिंगवरचा प्रीलोड (ठरवून दिलेला दाब) चुकतो, आणि मग आवाज सुरू होतो. म्हणून रेशो कुठलाही घ्या, सेट बसवतानाच क्रश स्लीव्हऐवजी सॉलिड स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) घालून घ्या. बसवायला वेळ जास्त लागतो, मेकॅनिक थोडी कुरकुर करतो, पण पुढे सील बदलताना नट ठरलेल्या टॉर्कला आवळली की झालं. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१३ ते ०.१८ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगा आणि दातांवरच्या रंगाचा ठसा स्वतः बघा. आत दोनच छोटे गिअर असलेलं जुनं टू-पिनियन केस काढून व्ही-सिक्सच्या गाडीचं, चार गिअरचं फोर-पिनियनवालं थर्ड मेंबर (डिफरन्शियलचा बाहेर निघणारा पूर्ण भाग) मिळालं तर तेच घ्या. रेशो निवडून जितकी मजबुती मिळते, त्यापेक्षा जास्त तिथे मिळते असं मला वाटतं.

दगडांत ५.२९ सरस आहे, यात वाद नाही. माझ्या पिकअपला लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये एकूण रेशो ४४ च्या जवळ पडतो, मित्राच्या गाडीला ४८ च्या जवळ. मोठ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर तो क्लचला हात न लावता जातो तिथे मला कधी कधी लावावा लागतो. पण ही उणीव भरून काढायची जागा डिफरन्शियल नाही, ट्रान्सफर केस आहे. मूळच्या २.२८ च्या जागी ४.७० चे गिअर घातले की ४.८८ वरच आकडा ९० पर्यंत जातो, आणि हायवेवर शाफ्टचा एकही फेरा वाढत नाही. पैसे लागतात खरे. तरी पुढची बचत मी त्यासाठीच ठेवली आहे.

३५ इंची टायर घ्यायचं पक्कं असेल तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेवा आणि ५.२९ घ्या. तिथे मूळ चालीसाठीच ५.०७ लागतो, ४.८८ कमी पडेल. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांनीही ५.२९ घ्यायला हरकत नाही, त्यांचा शाफ्ट डांबरावर फिरणारच नाही. ३३ वर राहणार असाल आणि ट्रेलपर्यंत गाडी स्वतः चालवत नेणार असाल, तर मी ४.८८ कडेच बोट दाखवीन. पुढे आणि मागे एकाच वेळी बसवा, आणि पहिले ५०० मैल ओझं न ओढता, मधूनमधून थांबून थंड करत चालवून तेल बदला.