नापो वाइल्डलाइफ सेंटर, यासुनी: तेलाला पर्याय ठरलेला वननिवास

इक्वेडोरच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानातील हा वननिवास पूर्णपणे आन्यांगू या किचवा आदिवासी समुदायाच्या मालकीचा आहे आणि त्याची पारख करताना खोल्या व जेवणाच्या आधी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

कोका या शहरातून मोटारबोटीने नापो नदीतून खाली येताना तेल कंपन्यांचे ट्रक वाहणारे तराफे दिसतात आणि किनाऱ्यालगत जळत्या वायूच्या ज्वाळाही दिसतात. आन्यांगूच्या ओढ्याच्या मुखाशी मात्र मोटार बंद होते. तिथून तळ्यापर्यंत गावातली माणसे वल्ही मारत नेतात, कारण कुजलेल्या पानांमुळे काळ्या दिसणाऱ्या या पाण्यात इंजिन चालवायचे नाही, असे समुदायानेच ठरवले आहे. शिकारही त्यांनी थांबवली. त्यामुळे महाकाय पाणमांजरे इथे माणसाला बुजत नाहीत. एक पाणमांजर मासा पुढच्या पंजांत धरून डोक्याकडून खात होते, तेव्हा काटे चावल्याचा कडकड आवाज आमच्या होडीपर्यंत येत होता. गावातल्याच वाटाड्यांची नजर विलक्षण आहे. पानाआडचा निश्चल पक्षी ते सहज दाखवतात.

तळ्याकाठच्या खोल्या स्वच्छ आहेत, जेवण उत्तम आहे. खर्च मोठा आहे, पण उत्पन्नातून गावाची शाळा आणि दवाखाना चालतो, हे कळल्यावर तो मला रास्त वाटला.

20 ऑगस्ट 2023 च्या सार्वमतात देशातील सुमारे 59 टक्के मतदारांनी यासुनीच्या 43 क्रमांकाच्या क्षेत्रातील तेल जमिनीतच ठेवण्याचा कौल दिला. या उद्यानाचा मोठा भाग ज्या ओरेयाना प्रांतात येतो, तिथे मात्र बहुमत विरोधात गेले. तेलावर ज्यांची चूल पेटते, त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना दुसरा रोजगार हवा आहे, आणि तो कसा उभा राहतो हे आन्यांगूने करून दाखवले आहे. अर्थात विमानतळापासून काही तासांच्या अंतरावर असलेले सुंदर तळे प्रत्येक गावाला लाभलेले नाही. जंगलात आत राहणाऱ्या वाओरानी आदिवासींच्या वस्त्यांना पर्यटनावर भागवता येणार नाही. तिथे सरकारलाच हात द्यावा लागेल. तेलविहिरी बंद करण्यासाठी सरकारने 2029 अखेरपर्यंतचा काळ मागितला आहे, तो या कामासाठी तरी वापरला जावा, असे मनापासून वाटते.

यासुनीला जाणाऱ्यांनी इथेच उतरावे आणि नोंदणी शक्यतो थेट समुदायाकडे करावी, म्हणजे दलालीचा पैसाही गावातच राहील.