ज्येष्ठ पौर्णिमेची बोट आणि गेलेले 27,500 रुपये

माझे आजोळ रायगड जिल्ह्यातले असल्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी चांगले ऊबदार असताना, मामांबरोबर खाडीच्या मुखाशी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसण्याची सवय मला लहानपणापासून आहे. गरीला जिवंत कोळंबी किंवा लहान बोय मासा लावून जिताडा या मोठ्या माशाची वाट पाहण्यात जे सुख आहे, ते वडोदऱ्यात मिळत नाही. म्हणून यंदा दांडिया बाजारातल्या आम्ही चार मित्रांनी बोटीने समुद्रात जाण्याचे ठरवले आणि फेसबुकवरील एका जाहिरातीला भुललो.

यांत्रिक बोट, दिवसभर गळाची मासेमारी, जिताडा आणि तांबोशी हमखास, माणशी 3,500 रुपये, असे तीत लिहिले होते. फोनवरचा माणूस किनाऱ्याकडची मराठी अस्खलित बोलत होता. ज्येष्ठ पौर्णिमेला सकाळी साडेसहाला पूर्ण भरती असते, त्याच वेळी मासा लागतो, असे त्याने सांगितले. आम्ही 14,000 रुपये यूपीआयने पाठवले आणि निघण्याच्या दोन दिवस आधी डिझेलसाठी म्हणून आणखी 4,500 रुपये दिले.

यातली प्रत्येक गोष्ट तपासता येण्यासारखी होती, याचेच मला अधिक दुःख होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मामांनीच मला शिकवला होता. पौर्णिमेची तिथी पंधरावी, म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. सकाळी साडेसहाला उधाणाची मोठी ओहोटी असते आणि खाडीतल्या धक्क्यापाशी निव्वळ चिखल दिसतो. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. ज्येष्ठ पौर्णिमा जूनमध्ये होती, हे कॅलेंडर समोर असूनही आमच्या लक्षात आले नाही.

पहाटे आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटी ओढून वर घेतलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने आमच्या हातातले रॉड पाहिले आणि विचारले, "बंदी लागली ना, तुम्हाला कोणी बोलावलं?" त्या प्रश्नाने आमचे चेहरे उतरले. त्याच्याच सांगण्यावरून आम्ही त्या माणसाला फोन केला, तर इंजिन बिघडले आहे, पैसे परत करतो, असे सांगून त्याने एक क्यूआर कोड पाठवला. आमच्यापैकी एकाने तो स्कॅन करून पिन टाकला आणि त्याच्या खात्यातून आणखी 9,000 रुपये गेले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही द्यावा लागत नाही. पैसे आपल्या खात्यातून जाताना मात्र पिन मागितला जातो. हे त्या क्षणी चौघांपैकी एकालाही आठवले नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर आम्ही तक्रार केली, पण घरी परतल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती रोखता यावी म्हणून हा फोन लगेच करायचा असतो, त्यामुळे हा उशीर आमच्याच अंगाशी आला. अजून एकही रुपया परत मिळालेला नाही. बोट ठरवायचीच असेल, तर गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेत चौकशी करावी, तिथी आणि महिना स्वतः पाहावा, आणि पैसे धक्क्यावर, बोट डोळ्यांनी पाहून द्यावेत.

त्या माणसाचा क्रमांक आता बंद आहे, परंतु तीच छायाचित्रे मागच्या आठवड्यात दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत पुन्हा दिसली. निळ्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नोंदणीक्रमांक आहे. रायगडची म्हणून दाखवलेल्या त्या बोटीच्या क्रमांकाची सुरुवात आयएनडी-एमएच अशी नसून आयएनडी-जीजे अशी आहे.