औषधाआधी विकत घ्यावा असा संच: एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट

मासा मलूल दिसू लागला, की आपण दुकानात जातो, लक्षणे सांगतो आणि निळ्या नाहीतर पिवळ्या औषधाची बाटली घेऊन परततो. पाणी तपासले का, असे तिथे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक घरगुती टाकीतील बरीचशी दुखणी पाण्यातून सुरू होतात आणि जंतू मागाहून येतात. थेंबांनी पाणी तपासण्याचा हा संच मी बराच काळ वापरत आहे आणि सोलापुरात मासे पाळणाऱ्याने तो औषधांच्या आधी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संचात सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे), उच्च पल्ल्याचा सामू, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा पाच चाचण्यांची द्रावणे, काचेच्या परीक्षानळ्या आणि रंगांचा तक्ता मिळतो. नळीत खुणेपर्यंत पाच मिलिलीटर पाणी घ्यायचे, ठरलेले थेंब टाकायचे आणि रंग ताडून पाहायचा, सामूचा लगेच आणि बाकीच्यांचा पाच मिनिटांनी, एवढीच रीत. अमोनियासाठी दोन बाटल्यांतील आठ-आठ थेंब लागतात. पाणी पिवळे राहिले तर शून्य, आणि जसजसे हिरवे होईल तसतसे प्रमाण वाढलेले. रंग ट्यूबलाइटखाली वेगळा आणि खिडकीजवळ वेगळा वाटतो, म्हणून तक्ता नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा. बुडवून पाहायच्या पट्ट्या स्वस्त आणि झटपट असतात हे खरे. पण डबी एकदा उघडली, की त्या दमट हवेने लवकर खराब होतात आणि स्वस्त पट्ट्यांमध्ये बहुधा अमोनियाच नसतो. जे सर्वांत आधी मोजायचे तेच त्यांत नाही.

अमोनियाचा आकडा एकट्याने वाचू नये, ही गोष्ट मला या संचामुळे नीट कळली. चाचणी एकूण अमोनिया दाखवते, पण त्यातील विषारी भाग सामू आणि तापमानावर ठरतो. सामू 7 आणि पाणी 30 अंश असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला, की तोच वाटा सात टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते, त्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो आणि वीज गेली, की एअर पंपही बंद. म्हणजे पुण्यातील एखाद्या गार खोलीत जो आकडा निभावून जाईल, तो इथे मे महिन्यात मासे मारू शकतो.

जुळे सोलापुरातील आमच्या इमारतीत शेजारच्या काकूंचे गोल्डफिश एप्रिलमध्ये पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. कल्ले लालभडक झाले होते आणि शेपटीच्या कडा झिजल्या होत्या. दुकानदाराने बुरशी सांगून औषध दिले होते. नळीतले पाणी पाच मिनिटांत गर्द हिरवे झाले, तक्त्यावर चारच्या घराशी जुळले, आणि सामू आठच्या वर निघाला. औषध थांबवले, खाणे बंद केले आणि रोज एक तृतीयांश पाणी बदलले. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घेतला, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात. आठवड्याभरात नळी पिवळी दिसू लागली आणि मासे तळाशी खडे चाळू लागले.

नवीन टाकीत हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया उतरला, की नायट्राइट चढतो, आणि इथे निळ्याकडून जांभळ्याकडे जाणारी नळी फार उपयोगी पडते. नायट्राइट चढला असेल तर पाणी बदलून थोडे साधे मीठ घालावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरायला अडथळा होतो.

आता उणिवा. हा संच क्लोरीन मोजत नाही, आणि सोलापुरात ही उणीव जाणवते. नळाला पाणी आले, की पिंपे आणि बादल्या भरायच्या घाईत टाकीचे पाणीही तिथल्या तिथे बदलले जाते. ते क्लोरीन कल्ले भाजते आणि फिल्टरमधील जिवाणूही मारते, तेव्हा पाणी उघड्या पिंपात हवेची नळी सोडून दिवसभर ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालावेत. पाण्याचा जडपणाही, म्हणजे त्यातील क्षारांचे प्रमाणही, हा संच सांगत नाही. बोअर वापरणाऱ्यांना त्याच कंपनीचा जडपणाचा छोटा संच वेगळा घ्यावा लागतो. बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुळातच असू शकते, त्यामुळे टाकीच्या आधी तेच तपासलेले बरे.

रोगनिदान हा संच करत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणि खड्यांवर अंग घासणे ही पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची खूण डोळ्यांनीच ओळखावी लागते. त्याचा परजीवी त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवायचे नसते. औषध चालू असताना फिल्टरमधील कार्बन काढून ठेवावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाने फिल्टरचे जिवाणूही मरतात, तेव्हा त्या काळात अमोनियाची चाचणी रोज करावी. मात्र पाणीच निळे झाले, की नळीतील रंग वाचणे कठीण जाते, ही अडचण आहेच.

नायट्रेटची दुसरी बाटली हा या संचातील सर्वांत कटकटीचा भाग. तिच्यातील द्रव्य तळाशी बसते, म्हणून ती तीस सेकंद जोराने हलवावी लागते आणि थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट. हे टाळले, की आकडा खोटा कमी येतो आणि पाणी उत्तम असल्याचा समज होतो.

किंमत आयात मालाची आहे, तेव्हा एकाच टाकीसाठी ती टोचेल. पण कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे यात आठशेवर चाचण्या होतात, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून घेतला तरी पुरतो. घेताना बाटल्यांवरचा लॉट क्रमांक पाहावा, त्याचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगतात. बाटल्या उन्हापासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात, आणि चाचणी झालेले पाणी पुन्हा टाकीत ओतू नये.