पाठ-खांदेदुखीवाल्यांसाठी भेट : काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

पाठ किंवा खांदा धरलेल्या माणसाला काही द्यायचं म्हटलं की नजर आधी मसाजरवर जाते. खोका मोठा, देताना भारदस्त वाटतं. पण दुखऱ्या हाताने ती वस्तू एकट्याला उचलता, लावता आणि काढता येते का, हे बघायचं राहून जातं. खालच्या वस्तू आम्ही मुख्यतः याच कसोटीवर तोलल्या आहेत.

रबरी गरम पाण्याची पिशवी सगळ्यात स्वस्त आणि कंबरेसाठी आजही उत्तम. 2 लिटरची पिशवी दोन-तृतीयांशच भरायची आणि बूच लावण्याआधी आडवी करून आतली हवा काढायची. हवा राहिली की ती टम्म फुगते आणि अंगाला नीट टेकत नाही. उकळतं पाणी ओतलं की रबर लवकर कडक होऊन तडकतं. गळती बहुधा बुचाच्या वॉशरपाशी सुरू होते, म्हणून दुकानातच बूच उघडून वॉशर बघा. इंग्लंडात घेणार असाल तर पिशवीवर फुलासारखी खूण असते. मधला आकडा म्हणजे बनवल्याचं वर्ष. साधारण दोन वर्षांनी पिशवी बदललेली बरी. खांद्यासाठी मात्र ही नको. भरल्यावर दीड किलोच्या आसपास भरते, खांद्यावर ठरत नाही. शिवाय आखडलेल्या खांद्याच्या माणसाने गरम पाण्याचं पातेलं एका हाताने उचलून अरुंद तोंडात ओतायचं, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

दहा मिनिटं प्लगला लावून गरम होणारी जेलची पिशवी हल्ली सगळीकडे दिसते. आम्ही ती देणार नाही. स्वस्त प्रकारात वीज थेट आतल्या द्रवात सोडलेली असते आणि सगळा भरवसा एका छोट्या थर्मोस्टॅटवर. तो अडकला की पिशवी फुगते, गळते. प्लग काढल्याशिवाय अंगाला लावू नका असं खोक्यावर लिहिलेलं असतं. थंडीत पांघरुणात नेमकं तेच केलं जातं.

आमची पहिली पसंती विजेच्या हीटिंग पॅडला. कंबरेसाठी वेल्क्रोचा पट्टा ठीक, पण खांद्यासाठी मान आणि दोन्ही खांदे झाकणारा, कॉलरच्या आकाराचाच घ्या. सरळ चौकोनी पॅड खांद्यावरून घसरतो आणि मग माणूस तो दुसऱ्या हाताने धरून बसतो. चार गोष्टी तपासा: वायर निदान 2 मीटर, बटण अंगठ्याने सरकणारं, खोळ काढून धुता येणारी, आणि ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय. घरी आणल्यावर मधल्या सेटिंगवर दहा मिनिटं चालू ठेवून तळहात सगळीकडे फिरवा. एखादा पट्टा चटका देतोय आणि बाजूचा भाग गारच, असं असेल तर परत करा. पॅड घडी घालून ठेवला की आतली तार मोडते. तो सैल गुंडाळावा. वायर पॅडमध्ये शिरते तो सांधा सगळ्यात आधी जातो.

शेक पातळ सुती कपड्यावरून, 15-20 मिनिटं. पॅडवर पाठ टेकून झोपायचं नाही: दबावाखाली उष्णता कोंडते आणि सोसवणारा शेकसुद्धा तासाभरात भाजतो. कातडीवर तपकिरी जाळी उमटू लागली तर शेक फार होतोय. बाम चोळून वर पॅड लावणं ही घराघरातली खोड, त्याने हमखास चरचरतं, फोडही येतो. आखडलेला खांदा मधुमेह्यांमध्ये जास्त दिसतो, आणि मधुमेहात कातडीची जाणीव बोथट झालेली असू शकते. अशांसाठी गरमपणा दुसऱ्या कुणीतरी हाताने बघून द्यावा.

हाताने करून द्यायचं असेल तर तांदळाची पिशवी. मांजरपाटाची, 50 बाय 15 सेंटिमीटर; आडव्या शिवणी मारून चार कप्पे, प्रत्येकात पाव किलो कच्चा तांदूळ. कप्पे नसले तर सगळा तांदूळ दोन्ही टोकांना उतरतो आणि मानेवर नुसतं कापड उरतं. कप्पा गच्च भरू नका, पिशवी खांद्यावर लवली पाहिजे. वरची खोळ वेगळी, चेन किंवा धातूची बटणं नकोत. मायक्रोवेव्हमध्ये आधी 1 मिनिट, मग लागेल तसे 30-30 सेकंद, शेजारी कपभर पाणी. गार झाल्याशिवाय पुन्हा तापवली तर आतला दाणा करपतो. करपल्याचा वास आला की पिशवी टाकून द्यायची, कारण असा तांदूळ पेटू शकतो. पावसाळ्यात सोंडे होतात, त्यामुळे भरण्याआधी तांदूळ घट्ट बंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडा करून घ्या. घरात मायक्रोवेव्ह नसेल तर ही भेट देऊ नका. वाफेवर धरली की ओली होऊन बुरसते, तव्यावर कापड जळतं.

फिरत्या गोळ्यांचा मानेचा मसाजर धडधाकट, नुसत्या कामाने आंबलेल्या माणसाला आवडतो. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसाला नको. त्यात दोन्ही हात पट्ट्यांत घालून खाली ओढावे लागतात, म्हणजे खांदा दुखणारा तिथेच बाद. मसाज गन आपली आपल्या पाठीपर्यंत पोचत नाही; मणक्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला ती लावायचीच नसते.

खुर्चीसाठी कंबरेची उशी घेण्याआधी आंघोळीचा टॉवेल 10 सेंटिमीटर जाडीचा गुंडाळून, रबर लावून कमरेच्या खोलगट भागात दोन दिवस ठेवून बघा. बरं वाटलं तर तेवढ्याच जाडीची उशी घ्या. दुकानातल्या बऱ्याच उशा जास्त जाड असतात आणि माणसाला पुढे ढकलतात.

ज्यांचा हात वर जात नाही त्यांच्यासाठी पुढून बटणांचा गाऊन किंवा शर्ट आणि पाठ घासायचा लांब दांड्याचा ब्रश. भेट म्हणून साध्या वाटतात, पण रोज सकाळी हाताशी येतात.

दुखणं पडल्यानंतरचं असेल, सोबत ताप असेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर भेट राहू दे, आधी डॉक्टर. छातीत दडपण आणि घाम येऊन डावा खांदा भरून आला तर थेट हॉस्पिटल.

खरेदी करताना परतीचा नियम विचारा. अंगाला लावायच्या वस्तू खोका फोडल्यावर बरेच दुकानदार परत घेत नाहीत. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड खोक्यातच ठेवून द्या.