बिग हाऊसबाहेरची टेलगेट: पैसे भरून केलेली आणि आपली आपण केलेली

ह्या सीझनला ॲन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल मॅचला जायचंय आणि त्याआधी टेलगेट, म्हणजे स्टेडियमबाहेर गाडीपाशीच खाणंपिणं, पण करायचीय, त्यासाठी रेडिमेड पॅकेज घ्यावं का आपलं आपण जमवावं, असं बरेच जण विचारतायत. मी एकाच सीझनमध्ये दोन्ही केलं, एकदा सप्टेंबरात पॅकेज घेऊन आणि एकदा दिवाळीत वॉशिंग्टनविरुद्धच्या मॅचला, धनत्रयोदशीच्या शनिवारी, गोल्फ कोर्सवर आपलं आपण. दोन्ही वेळा बाबा बरोबर होते, सांगलीहून आलेत सहा महिन्यांसाठी. बाबांनी ३४ वर्षं एसटी चालवलीय हे आधीच सांगतो, कारण त्यांच्या एका प्रश्नामुळेच मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय.

तिकडच्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेलगेट म्हणजे पिकअपची मागची फळी, ती खाली पाडायची आणि तिच्यावर खाणंपिणं मांडायचं म्हणून सगळ्या कार्यक्रमालाच ते नाव पडलं. कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, आपलं नव्हे) शनिवारी असतं आणि मिशिगन स्टेडियम, ज्याला सगळे बिग हाऊस म्हणतात, त्यात १,०७,६०१ माणसं बसतात. १९२७ सालचं आहे आणि बहुतेक सगळं जमिनीत खणून बांधलंय, त्यामुळे रस्त्यावरून बघितलं तर एवढं मोठं असेल असं वाटतच नाही. एवढी माणसं एका छोट्या गावात येतात, मॅच बऱ्याचदा दुपारी १२ ला असते, मग लोक सकाळी ७-८ लाच येऊन गाड्या लावतात, तंबू ठोकतात, शेगड्या पेटवतात आणि बियर पण तेव्हाच सुरू होते.

बाबांना पहिला धक्का तोच होता. सकाळचे साडेआठ, स्वच्छ ऊन, आजोबा, नातवंडं, कुत्री, चर्चमधून आल्यासारख्या दिसणाऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या मधोमध बियर! आपल्याकडे पिणं म्हणजे काय, परमिट रूमचा अंधार, पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलेली बाटली, आणि घरी शिरायच्या आधी बडीशेप. मी चाळिशीला आलोय पण बाबांसमोर कधी ग्लास धरला नव्हता. आणि मला मनापासून वाटतं की हे उघड्यावरचं पिणं ही टेलगेटमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण आजी समोर बसलेली असली की माणूस आपोआप बेताने पितो. पण ते तेव्हाच, जेव्हा पिणं त्या जेवणाचा एक भाग असतं. नुसतं पिणंच मांडून ठेवलं की मग काय होतं ते पॅकेजमध्ये बघितलं.

आता पॅकेज. कंपनीचं नाव लिहीत नाही, स्टेडियमपासून दहा मिनिटांवर एका खाजगी जागेत त्यांचा तंबू होता. माणशी ९५ डॉलर, त्यात खुर्च्या, टीव्ही, जेवण आणि बियर-सेल्टझर (दारूवाला फ्लेवरचा सोडा) पाहिजे तेवढी. आम्ही पाच जण, मी, बायको, बाबा, माझा एक मित्र आणि माझा भाचा जो इथे युनिव्हर्सिटीत शिकतो, वय २०. गेटवर पोरगं उभं होतं, त्याने काही न विचारता पाचही जणांच्या हाताला पिण्याचा पट्टा बांधला, म्हणजे वय २१ पूर्ण आहे, ह्याला बियर द्या अशी खूण. भाच्याला पण. इथे २१ च्या खाली हातात बियर असली तर एमआयपी (मायनर इन पझेशन, कमी वयात दारू बाळगल्याची केस) होते, पहिल्यांदा १०० डॉलरपर्यंत दंड, आणि जो पाजतो त्याच्यावर तर गुन्हाच. भाचा शहाणा, त्याने स्वतःच पट्टा काढून खिशात टाकला, पण त्याच तंबूत त्याच्या वयाची आणखी पंधरा-वीस पोरं होती आणि त्यांनी काही काढला नाही.

बियर ८ ला सुरू झाली. जेवण १० ला येणार होतं ते पावणेअकराला आलं. पावणेतीन तास रिकाम्या पोटी फुकट बियर, आणि चखणा म्हणून एका टेबलावर चिप्सच्या दोन पिशव्या. पाण्याच्या बाटल्यांचं एक खोकं होतं ते तासाभरात संपलं, विचारलं तर म्हणे आणायला माणूस गेलाय, तो माणूस काही शेवटपर्यंत परत आला नाही. शंभरेक लोकांना दोन टॉयलेट, रांग रस्त्यापर्यंत, मग पोरं झुडपामागे जायला लागली. जेवण चवीला वाईट नव्हतं, ब्राटवर्स्ट (जर्मन सॉसेज) गरम होते, टीव्ही मोठा होता, खुर्च्या चांगल्या होत्या, तेवढं खरंय.

दहाच्या सुमारास एक पोरगा कोसळला. मित्रांनी त्याला गवतावर उताणा टाकला, डोळ्यावर टोपी ठेवली आणि खेळायला गेले, कॉर्नहोल, ते पिशव्या फळीच्या भोकात टाकायचा खेळ. बाबांनी बघितलं, उठले, आणि त्या पोराला कुशीवर केलं, एक गुडघा पुढे घेतला, मान सरळ केली. दोन मिनिटांत त्याला उलटी झाली. उताणाच असता तर ती घशात गेली असती, आणि जास्त प्यालेली माणसं मरतात त्यातलं एक कारण हेच असतं. बाबा म्हणाले, जत्रेच्या गाडीला असे पॅसेंजर फार मिळायचे. भाच्याने ९११ ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन लावला, त्या पोराचे मित्र नको नको म्हणत होते, घरी कळेल, केस होईल. तर हे सगळ्यांनी, खास करून ज्यांची मुलं इथे कॉलेजला आहेत त्यांनी, लक्षात ठेवा: मिशिगनमध्ये २०१२ पासून कायदा आहे की २१ च्या खालच्या मुलाने पिण्यामुळे बिघडलेल्या तब्येतीसाठी मदत मागितली तर त्याच्यावर एमआयपी लावत नाहीत. आपल्या मुलांना हे घरात बसवून सांगा, ओरडणार नाही फक्त फोन कर असं सांगा. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पोरगा शुद्धीवर होता. कंपनीचा एकही माणूस तिथपर्यंत आला नाही.

तेव्हा बाबांनी मला विचारलं, आणि मग कंपनीच्या माणसाला पण विचारायला लावलं: "ह्यातल्या गाड्या कोण चालवणार?" तंबूमागे पार्किंगमध्ये चाळीसेक गाड्या लावलेल्या. तो माणूस म्हणाला, ते त्यांचं बघून घेतील. बाबांनी मान हलवली आणि पुढे तासभर कोणाशी बोलले नाहीत. ज्या माणसाने ड्युटीच्या आदल्या रात्री सख्ख्या भावाच्या लग्नात सुद्धा हात लावला नाही त्याला हे उत्तर पटणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगतो मला पण नाही पटलं.

थोडा हिशोब देतो कारण इथे भल्याभल्यांचा घोळ होतो. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ३५५ मिलीचा ५ टक्क्यांच्या बियरचा एक कॅन. शरीर साधारण तासाला एक ड्रिंक पचवतं, कॉफीने किंवा तोंडावर पाणी मारून त्यात काही फरक पडत नाही. पण प्रत्येक कॅन म्हणजे एक ड्रिंक नव्हे. आपल्या मिशिगनचीच बेल्सची टू हार्टेड बियर ७ टक्के आहे, म्हणजे तो एक कॅन जवळजवळ दीड ड्रिंक, तीन कॅन घेतले की चार ड्रिंकच्या वर गेलात. चव सुंदर आहे, मला फार आवडते, पण सकाळी ९ ला ऊन्हात ती बियर नाही. त्यापेक्षा फाउंडर्सची ऑल डे, ग्रँड रॅपिड्सची, ४.७ टक्के, टेलगेटला हीच घ्या. इथे गाडी चालवायची मर्यादा रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल आहे, भारतात ०.०३, म्हणून इकडे लोकांना वाटतं बरीच सूट आहे, पण ०.०८ च्या खाली असून सुद्धा नीट चालवत नसाल तर पोलीस पकडू शकतात. आणि २१ च्या खालच्यांना ०.०२ लाच.

आता दुसरी टेलगेट, म्हणजे गोल्फ कोर्स. स्टेडियमच्या समोरच्या कोपऱ्यावर युनिव्हर्सिटीचा गोल्फ कोर्स आहे, १९३१ सालचा, ज्या ॲलिस्टर मॅकेंझीने ऑगस्टाचं प्रसिद्ध गोल्फचं मैदान आखलं त्यानेच हा आखलाय, आणि मॅचच्या दिवशी त्या हिरवळीवर गाड्या लावायला देतात. मोठी झाडं, चढउतार, ऑक्टोबरात पानं पिवळी-लाल. पास आधी घ्यावा लागतो, आणि फार पाऊस झाला तर गवत खराब होऊ नये म्हणून तिथलं पार्किंग बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी बघून निघा. आम्ही घरून, कँटनहून, साडेसातला निघालो, आठला जागेवर.

ह्या वेळी नियम बायकोने केला: आधी शेगडी, मग कूलर (बियरची बर्फाची पेटी). म्हणजे तव्यावर काहीतरी शिजून सगळ्यांच्या पोटात जाईपर्यंत एक पण कॅन उघडायचा नाही. ब्लॅकस्टोनच्या मोठ्या तव्यावर पावभाजी केली, भाजी घरून शिजवून आणलेली, तिथे फक्त लोणी, कांदा आणि परतणं, वास गेला तसे आजूबाजूचे लोक डिश घेऊनच आले. दिवाळी होती म्हणून फराळाचा डबा होता, चकल्या आणि शेव, शिवाय शेंगदाण्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. बियरबरोबर चकली हे त्या लोकांनी पहिल्यांदाच खाल्लं आणि मग आमचा डबा काही आमचा राहिला नाही. पाणी माणशी दोन लिटर आणलं होतं, संपवलं सगळं.

शेजारच्या गाडीवाले एक कुटुंब होतं, आजोबा बरीच वर्षं त्याच झाडाखाली गाडी लावतात म्हणे. त्यांची पद्धत मला इतकी आवडली की आम्ही लगेच उचलली. सकाळी आल्याआल्या गाडी कोण नेणार ते ठरतं, त्याच्या गळ्यात दोरीला किल्ली, आणि ज्याच्या गळ्यात किल्ली त्याच्या हातात सायडर. इथे शरद ऋतूत सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला रस, दारू नव्हे, दारूवालं पाहिजे तर हार्ड सायडर म्हणून वेगळं मिळतं, नवीन आलेल्यांनी हे नीट वाचून घ्या. डेक्स्टरची सायडर मिल १८८६ पासून आहे, तिथून आदल्या दिवशी गॅलनभर आणला होता, पातेल्यात दालचिनी आणि लवंगा घालून गरम केला. बाबांनी तीन कप घेतले. किल्ली बायकोने स्वतःहून मागून घेतली, पुढच्या वेळी माझी पाळी.

मी दोन ऑल डे घेतल्या, दोन तासांत, पावभाजीवर. बाबांसमोर. पहिला कॅन उघडताना हात थोडा थांबला, बाबांनी बघितलं आणि चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला, बोलले काही नाहीत. भाच्याने सायडर घेतला, त्याला कोणी आग्रह केला नाही आणि चिडवलं पण नाही, पॅकेजवाल्या तंबूत ह्याच पोराला तिघा अनोळखी लोकांनी कॅन देऊ केले होते.

स्टेडियमबद्दल दोन ओळी. आत बियर २०२४ च्या सीझनपासून मिळायला लागली, त्याआधीच्या वर्षी राज्याने कायदा बदलला म्हणून, बाहेरची आत नेता येत नाही आणि एकदा आत गेलं की बाहेर येऊन परत जाता येत नाही. त्यामुळे काही लोक गेटवर जायच्या आधी घाईघाईने दोन-तीन एकदम संपवतात, ती पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, तेव्हा कूलरचं झाकण लावून टाका. नोव्हेंबरच्या मॅचला जाणार असाल तर हेही बघा की प्यायल्यावर अंगात ऊब आल्यासारखी वाटते पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते, जाकीट काढू नका.

मॅच संपल्यावर लगेच निघू नका, लाखभर माणसं एकदम रस्त्यावर असतात. आम्ही गाडीपाशी परत आलो, आलं घालून चहा केला, उरलेले पाव भाजले, दीड-दोन तास बसलो. शेजारचे पण बसले. रस्ता मोकळा झाला आणि ज्यांनी घेतली होती त्यांना वेळही मिळाला.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ मोठी पिशवी घेऊन रिकामे कॅन गोळा करत आले. मिशिगनमध्ये प्रत्येक कॅनमागे १० सेंट परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये टाकायचे, मॅचच्या दिवशी त्यावर बऱ्याच जणांची कमाई होते. तुमचे कॅन कचऱ्यात टाकू नका आणि चिरडू पण नका, मशीन घेत नाही, बाजूला एका पिशवीत ठेवा. बाबा उठून आसपासच्या चार तंबूंतून कॅन मागून घेऊन आले, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती तरी वीस मिनिटं मिळून मोजत होते.

पॅकेजला ५ पैकी १, ते पण गरम ब्राटवर्स्टसाठी, आणि कंपनीला वयाच्या पट्ट्याबद्दल आणि पाण्याबद्दल सविस्तर मेल केलाय, उत्तर आलं तर इथे टाकीन. गोल्फ कोर्सला ५ पैकी ५, पाच जणांचा पार्किंगसकट सगळा खर्च पॅकेजच्या निम्म्यात झाला. ओहायो स्टेटची मॅच नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आहे, बाबा तोपर्यंत इथेच आहेत, शेजारच्या आजोबांनी चकल्या आत्ताच सांगून ठेवल्यात म्हणून आईकडून भाजणी मागवलीय.