मेडीआची फेरतपासणी : ख्रिस्टा वोल्फची कादंबरी

ग्रीक पुराणकथेतल्या मेडीआने पोटची दोन मुलं मारली, ही गोष्ट आपल्या डोक्यात बसवली ग्रीक नाटककार युरिपिडीझने. इसवीसनपूर्व ४३१ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत तो तिसरा, म्हणजे शेवटचा आला. टिकली मात्र त्याचीच गोष्ट. पुढे सेनेका, कोर्नेय, आनुई या सगळ्या नाटककारांनी खून तिच्याच माथी ठेवला. जर्मन लेखिका ख्रिस्टा वोल्फने १९९६ च्या ‘मेडीआ : श्टिमेन’मध्ये (श्टिमेन म्हणजे आवाज) तो तिथून उतरवला.

याला जुना आधार आहे. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस ग्रीसच्या कॉरिंथ शहरातल्या या मुलांच्या थडग्याबद्दल लिहिताना सांगतो की त्यांना कॉरिंथकरांनीच दगडांनी ठेचून मारलं. युरिपिडीझवरच्या प्राचीन टिपांमध्ये तर कॉरिंथकरांनी त्याला पाच टॅलंट (त्या काळची मोठी रक्कम) चारून आळ बाईवर ढकलायला लावला, अशी कुजबुजही नोंदलेली आहे. खरी असेल-नसेल, पण आळ कसा रचला जातो, हाच वोल्फच्या कादंबरीचा विषय आहे.

रचना ११ स्वगतांची, बोलणारे ६. मेडीआला चार, तिचा नवरा जेसन आणि ज्योतिषी ल्यूकॉन यांना दोन-दोन, उरलेल्या तिघांना एकेक. ‘मृत्युंजय’ वाचलेल्यांना सहा जणांच्या तोंडून कथा ऐकायची सवय असते; फरक असा की इथे बोलणाऱ्यांतले निम्मे तरी स्वतःला फसवत असतात.

पहिल्याच स्वगतात मेडीआ राजवाड्यातल्या मेजवानीतून उठून गेलेल्या मेरोपे राणीच्या मागे तळघरात उतरते आणि अंधारात तिच्या हाताला लहान मुलीची कवटी लागते. ही राजकन्या इफिनोए. कॉरिंथचा राजा क्रेऑन याने गादी राखायला तिचा बळी दिला आणि लोकांना सांगितलं, पोरीला दूरदेशी दिली. मेडीआ हे कुणाला सांगत सुटत नाही. तिला कळलंय, एवढंच दरबाराला पुरतं. मग तिच्यावर भावाच्या खुनाचा आरोप येतो, भूकंपानंतरच्या साथीचंही खापर तिच्यावरच फुटतं. दुष्काळात तिने लोकांना रानभाज्या आणि घोड्याचं मांस खायला लावून जगवलं होतं. तेच आता ‘हिने आम्हाला बाटवलं’ म्हणून तिच्याविरुद्ध उभं राहतं. अफवेचे सांधे इतके नीट उघडून दाखवणारं दुसरं मेडीआ-पुस्तक सापडणं कठीण.

सगळ्यात सरस प्रकरण ग्लाउकेचं, म्हणजे क्रेऑनच्या दुसऱ्या मुलीचं. फिट येणारी, ‘सगळी माझीच चूक’ म्हणत त्याच वाक्यांभोवती फिरणारी ही मुलगी विसरलेल्या बहिणीच्या आठवणीपर्यंत जाते आणि परत मागे पळते. तिच्यापाशी वाक्यं लांबतात, धापा टाकतात. तिचा शेवट विहिरीत होतो, आणि तीही वोल्फची कल्पना नव्हे. ग्लाउकेची विहीर पॉसेनियसने नोंदवलेली आहे, कॉरिंथच्या अवशेषांमध्ये त्या नावाचं बांधकाम आजही दाखवतात.

आता खटकणारं. अकामस हा राजाचा पहिला ज्योतिषी फारच सरळसोट कारस्थानी आहे. सत्तेचं गणित तो स्वतःच समजावून सांगत बसतो. ल्यूकॉन आणि मेडीआ यांचे आवाज कधीकधी एकमेकांत मिसळतात, दोघंही वोल्फसारखेच शहाणे बोलतात. आणि मोठा तोटा असा की मेडीआ इतकी निर्दोष होते की तिचा संताप जवळपास शेवटपर्यंत शांतच राहतो. युरिपिडीझची बाई मुलांना जवळ घेते, सोडते, पुन्हा घेते, त्या दृश्याच्या तोडीचं इथे काही नाही. मुलांच्या मृत्यूची बातमीही तिला कितीतरी वर्षांनी कळते.

कोल्किस, म्हणजे मेडीआचं माहेर, म्हणजे पूर्व जर्मनी आणि कॉरिंथ म्हणजे पश्चिम, असं वाचन जर्मनीत पुष्कळ झालं. वोल्फ पूर्वेतली, बर्लिनची भिंत पडल्यावर तिच्यावर झोड उठलेली, त्यामुळे ते सुचणं साहजिक. पण तेवढंच धरून बसलात तर मेरोपे आणि इफिनोए हातातून निसटतात.

इंग्रजी अनुवाद जॉन कलेनचा, १९९८ चा. आधी युरिपिडीझ वाचा. जेमतेम १,४०० ओळी, एका बैठकीत होतात. नाहीतर वोल्फने काय बदललंय ते कळणार नाही. मग पहिलं स्वगत सावकाश, दोनदा वाचा. मेडीआ तापात आपल्या आईशी बोलतेय हे लक्षात आलं नाही, तर काळाच्या उड्या गोंधळात टाकतात. पात्रांची यादी पुस्तकातच आहे, तिथे बोट ठेवूनच पुढे चला. अगामेडा (मेडीआची जुनी शिष्या) आणि अकामस या नावांची तरी पहिल्या शंभर पानांत हमखास गल्लत होते.