ट्रॉली स्पीकर आणि दोन वायरलेस माईक : महिला कर्मचारी मंडळाच्या कार्यक्रमांत अकरा महिने वापरल्यावर

विद्यापीठातल्या आमच्या महिला कर्मचारी मंडळाने गेल्या जूनमध्ये चार्जिंगचा ट्रॉली स्पीकर घेतला. आता एप्रिल संपत आलाय. महिन्याच्या बैठका, श्रावणातली मंगळागौर, भोंडला, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, हळदीकुंकू, ८ मार्च, सगळं याच्यावरच झालं. घ्यावा का, तर जरूर घ्यावा. पण खोक्यावरचे वॉट बघून नव्हे, दुसऱ्या माईकसाठी. मंडळात कार्यालयातल्या, प्रयोगशाळेतल्या, वसतिगृहातल्या आणि प्रक्षेत्रावर रोजंदारीला येणाऱ्या, सगळ्या बायका येतात. रोजंदारीवरच्या बहुतेक जणी मागे, दाराजवळ बसतात. माईक एकच असला की तो पुढेच राहतो आणि बोलणाऱ्याही त्याच त्या. दुसरा माईक मागच्या रांगेत ठेवायला लागल्यापासून मजुरीची, हजेरीची, पाळणाघराची गोष्ट मागून पुढे ऐकू येते.

संच असा आहे : १२ इंची वूफर, आत १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, दोन यूएचएफ हातमाईक, ब्लूटूथ, पेनड्राईव्ह, चाकं आणि ओढायचा दांडा. साडेनऊ हजारांना पडला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले हजारो वॉट हे पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे असतात, त्यांना काही अर्थ नाही. दुकानात आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. आमचा ४० वॉट आरएमएसचा आहे आणि ऐंशी बायकांच्या सभागृहाला निम्म्या आवाजावर पुरतो. कॉलर माईकच्या नादाला लागू नका. पदर घासला की तो खरखरतो, आणि पदर घासतोच.

पहिल्या दोन कार्यक्रमांत मागे काहीच नीट कळत नव्हतं. कारण आवाज कमी होता हे नव्हतं, इकोचं, म्हणजे आवाज घुमवणारं, बटण अर्ध्यावर होतं हे होतं. हे स्पीकर गाण्यासाठी तयार करतात, त्यामुळे इको चालू ठेवूनच येतात. भाषणाला इको पूर्ण शून्यावर, बास (जाड आवाज) मध्याच्या खाली, ट्रेबल (बारीक आवाज) मध्याच्या थोडं वर. मग आधी माईकचा आवाज लावायचा आणि मुख्य आवाज शेवटी वाढवायचा. तपासताना ‘हॅलो, हॅलो’ करून काही कळत नाही. एकीने पुढे उभं राहून एसटीच्या वेळा वाचायच्या आणि शेवटच्या रांगेतल्या बाईने सांगायचं, साडेचार ऐकलं की साडेपाच. तिला फरक कळला तर सगळ्यांना कळतो.

स्पीकर जमिनीवर ठेवला की पहिल्या रांगेचे कान किटतात आणि मागे गुडघ्यांत आवाज अडतो. दोन बाकं एकावर एक रचू नका, फुगडीच्या दणक्याने घसरतात. एकच भक्कम टेबल घ्या. स्पीकरच्या खाली ३५ मिलिमीटरचं भोक असेल तर तिवई लावा, वजन पेलणारी. स्पीकर बोलणारीच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, एका कोपऱ्यात असावा. तो तिच्या मागे गेला की शिट्टी वाजते. शिट्टीचं दुसरं कारण हात. माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी येते, आणि खालचं टोक मुठीत धरलं की आवाज तुटतो, कारण अँटेना तिथे असते. मधोमध धरायचा, ओठांपासून चार बोटं. बोलायला लाजणारी बाई माईक छातीशी धरते. तिला ‘मोठ्याने बोला’ म्हणू नये, शेजारणीने हात हलकेच वर करून द्यावा.

मंगळागौरीला माईक स्टँडवर नको. झिम्मा-फुगडीचा धबधब आवाज लाकडी मंचातून स्टँडमध्ये चढतो. गाणाऱ्या दोघींमध्ये हातात धरा. त्या दिवशी इको थोडा चालतो.

पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये कार्यक्रम असेल तर मात्र हा स्पीकर काय, कुठलाच चालत नाही. सर कोसळली की आवाज वाढवायचा मोह होतो, पण वाढवला की तो फाटतो आणि शब्द आणखीच हरवतात. तेव्हा स्पीकर बंद करून खुर्च्या गोलात ओढून घ्याव्यात, किंवा सर जाईपर्यंत चहा काढावा. जुलै-ऑगस्टच्या बैठका कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीतच ठेवा.

कोकणात या यंत्राचा खरा शत्रू दमट हवा. सप्टेंबरपर्यंत माईकच्या स्पंजच्या टोपीवर पांढरी बुरशी दिसायला लागली, दांड्याच्या स्क्रूंना गंज चढला, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. टोपी साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. बटणात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवलं की खरखर जाते. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून घ्या. तो तवा मग स्वयंपाकाला वापरायचा नाही. स्पीकर जांभ्याच्या भिंतीला टेकवू नये, पावसात ती भिंत घाम सोडते. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

माईकमधले सेल प्रत्येक कार्यक्रमानंतर काढायचे. आमच्या एका माईकमध्ये सेल फुटून स्प्रिंगवर हिरवट थर आला होता. थोड्या व्हिनेगरच्या कापसाने निघाला, पण ती स्प्रिंग अजूनही कधीकधी दगा देते. चार्ज होणारे २००० एमएएचचे सेल घेतले तर वर्षाचा खर्च वाचतो. जोडी मात्र मोडू नये, जुना-नवा सेल एकत्र घालू नये.

मोठ्या बॅटरीचं दुखणं वेगळं. ही बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते, आत सल्फेटचे कण धरतात. सुरुवातीला बोलण्यासाठी साडेतीन तास पुरायची. दिवाळीच्या सुट्टीत पाच आठवडे कपाटात अर्धवट रिकामी राहिली, तेव्हापासून जेमतेम अडीच तास. कार्यक्रम झाला की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावायची, वापर नसला तरी महिन्यातून एकदा. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर भिंतीतून उपटून ठेवा.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. लैंगिक छळविरोधी कायद्यावरच्या सत्रात वक्त्यांसाठी स्पीकर हवा : २०१३चा कायदा, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, अंतर्गत समिती कुठे बसते, हे सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. पण प्रश्नांची वेळ आली की स्पीकर बंद करा. आवाज खिडकीतून व्हरांड्यात जातो, आणि बाहेर कोण उभं आहे ते आतून दिसत नाही. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता. शिवाय बऱ्याच संचांत पेनड्राईव्हवर रेकॉर्ड करणारं बटण असतं. त्या दिवशी पेनड्राईव्ह काढून ठेवलेला बरा, म्हणजे कुणाचा हात चुकून लागायला नको.

१८ एप्रिलला महर्षी कर्व्यांच्या जयंतीला दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर उघड्यावर वापरला. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, म्हणून स्पीकरची पाठ समुद्राकडे आणि बायका वारा जातो त्या दिशेला बसवल्या, तेव्हा साठ जणींना नीट ऐकू गेलं. माईकला दुहेरी स्पंज लागला. घरी आल्यावर सगळं आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसलं, चाकांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढली. चाकं वाळूत रुतल्याने स्पीकर मात्र दोघींनी उचलूनच न्यावा लागला.